खोकं टेपनं बंद करण्याआधी

मराठवाड्यातल्या, परदेशी पार्सल घेणाऱ्या समस्त कुरिअर दुकानदारांस,

स. न. वि. वि.

दिवाळीला अजून अवकाश आहे. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. मग ही बाई आत्ताच काय पत्र लिहायला बसली, असं वाटेल तुम्हाला. पण नवरात्र उठलं की तुमच्या दुकानांपुढं रांगा लागतात, 'फराळ परदेशात घरपोच' असे फलक चढतात, आणि मग तुम्हाला कुणाचं ऐकून घ्यायला सवड नसते. आत्ता आहे. लग्नसराई सरली, धोंड्याचा महिना परवाच संपला. तर ऐका.

मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. थोरली लेक दुबईला, धाकटा अमेरिकेत डॅलसला. आमच्या गल्लीत आता घर सोडून घर कुणी ना कुणी बाहेरदेशी आहे. पूर्वी पुण्याला मुलगा गेला तरी आई वेशीपर्यंत रडत जायची. आता मेलबर्नला गेला तरी पेढे वाटतात आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भाजीला काय केलं ते विचारतात. पण सणाच्या दिवशी फोनमधून लाडू पलीकडं जात नाही. तिथं तुम्ही लागता.

माझं गाऱ्हाणं 2023 पासूनचं आहे. त्या वर्षी श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना, आणि लेकीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. जावई काही येऊ शकत नव्हते, म्हणून ठरवलं की वाण इथूनच पाठवायचं. 33 अनारसे.

आता अनारसे म्हणजे काय ते, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी विकत आणतात, त्यांच्यासाठी सांगते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून पंच्यावर सावलीत पसरायचे आणि ओलसर असतानाच दळायचे. पीठ चाळून त्यात गूळ मळायचा, गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे. आठवडा जाऊ द्यायचा. मग एकेक गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायची, उलटायची नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. एवढं करूनही पीठ बिनसलं तर अनारसा हसतो. म्हणजे कढईत पसरून विरघळून जातो. अनारसा हसला की बाई रडते, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. माझे पहिले सात हसले. पुढचे जमले. मोजून 33 डब्यात भरले, सोबत कानवले, ओटीचं सामान, खोबऱ्याची वाटी, असं सगळं घेऊन दुकानात गेले.

काउंटरवरचा मुलगा माझा विद्यार्थी निघाला. पाया पडला. खोकं काट्यावर ठेवलं, पत्ता विचारला, फोन नंबर विचारला, आधारची झेरॉक्स घेतली. आत काय आहे, तर मी म्हणाले, "फराळाचं." त्यानं इंग्रजीत 'स्वीट्स' एवढा एकच शब्द लिहिला आणि टेप ओढली. म्हणाला, "बाई, कामून टेन्शन घ्यायलात? पाच दिवसांत जावयाच्या हातात."

एकोणिसाव्या दिवशी ते खोकं माझ्याच हातात आलं. मुंबईहून परत. वर चिठ्ठी, आत अनारशांचा चुरा, आणि खोबऱ्याची वाटी काढून घेतलेली. पावतीच्या पाठीमागं मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं की जबाबदारी पाठवणाऱ्याची. पैसे गेले ते गेलेच. मी चिडले, जावयांना फोन केला, तर ते म्हणाले, "आई, परत आलं ते देवानंच केलं म्हणायचं."

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला मनाई आहे. ती अफूच्या बोंडातली, म्हणून. सिंगापुरातही तेच. दुबईच्या विमानतळावर खसखशीच्या दाण्यांवरून माणूस अडकल्याची बातमी 2008 साली जगभर छापून आली होती. मी ती वाचली नव्हती, वाचली असती तरी तिचा माझ्या अनारशाशी काही संबंध लावला नसता. आपल्याकडं खसखस वाण्याच्या दुकानात पुडीत मिळते, बाळंतिणीच्या खिरीत पडते. ती कुणाला तुरुंग दाखवेल हे मला कसं सुचावं? पण तुम्हाला सुचायला हवं होतं. तुम्ही रोज दुबईची खोकी बांधता.

खोबऱ्याची वाटी का काढली, तेही मला नंतर कळलं. सुकं खोबरं विमानाच्या हिशेबी धोकादायक माल आहे. त्यात तेल असतं, दाबून साठवलं तर ते आपोआप तापू शकतं आणि पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या जागतिक यादीत त्याला 1363 असा क्रमांकसुद्धा आहे. 2022 पासून आपल्या विमानतळांवर सामानातही ते घेऊ देत नाहीत. आपल्याकडं देवाला, नवरीला, बाळंतिणीला, सगळ्यांना खोबऱ्याची वाटी लागते. हैदराबादला विमान पकडायला निघालेल्या किती सासवांच्या पिशव्यांतून ती काढून घेतली असेल, देव जाणे.

दुकानदारहो, माझं म्हणणं एवढंच आहे. खोकं मी भरते, टेप तुम्ही लावता, पण पलीकडच्या देशात त्यावर नाव असतं ते घेणाऱ्याचं. विचारणा झाली तर ती माझ्या लेकराला होणार. मला कायदा ठाऊक नाही, लेकराला खोक्यात काय आहे ते ठाऊक नाही. या दोघांच्या मध्ये उभे आहात ते तुम्ही, आणि तुम्ही विचारता फक्त वजन.

वजनाचंही बोलूच. आमच्यातल्या अर्ध्या बायकांना वाटतं तुम्ही काटा मारता. तुम्ही काटा मारत नाही हे मला आता कळलंय. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागायचं, येईल तेवढे किलो. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. चाळीस बाय तीस बाय तीसच्या खोक्यात चिवडा भरला तर काट्यावर चार किलो भरतो, हिशेबात 7.2 किलो होतो. विमानाला जागा लागते, हे मान्य. पण हे आधी सांगा ना. सांगितलं असतं तर मी चिवडा कमी आणि शंकरपाळ्या जास्त घातल्या असत्या. शंकरपाळी खोक्यात दाटीवाटीनं बसते, तुटत नाही, महिनाभर टिकते. प्रवासाला निघालेल्या फराळात तिच्याइतकं शहाणं कुणी नाही.

उलट तुमच्यातल्या एकानं मला उपाय सांगितला, "काकू, हवा काढून पॅक करू, जागा कमी लागंल." काढली हवा. पिशवी आवळली, चिवड्याचे पोहे आवळले, चकल्यांची नक्षी आवळली. डॅलसहून लेकाचा फोन आला, "आई, चिवड्याचा सत्तू आलाय. चमच्यानं खाऊ का पाण्यात कालवू?" चकली कशी पाठवतात ते आम्हाला विचारा. चिवड्याच्या डब्यात मधोमध पुरून पाठवायची. चिवडाच गादीचं काम करतो, वेगळा फोम लागत नाही, आणि पोचल्यावर गादीही खाता येते.

अमेरिकेचं तर गेल्या साली फारच झालं. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना जकात माफ होती, ती सवलत त्या सरकारनं 29 ऑगस्ट 2025 पासून काढली. आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, महिनाअखेरीस तर पत्रंसुद्धा थांबवली, आणि सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं 21 ला. सहा दिवसांत कुठला फराळ पोचतो? म्हणून सगळी गर्दी तुमच्याकडं वळली. मीही वळले. आणि तुमच्यापैकी एकानं, भल्या मनानंच म्हणते मी, माझ्या खोक्याची किंमत लिहिली 12,000 रुपये. "हरवलं तर भरपाई मिळंल, बाई."

तेल, तूप, बेसन, साखर सगळं धरून तो फराळ 3,000 रुपयांच्या वर नव्हता. माणसानं माणसाला पाठवलेल्या 100 डॉलरपर्यंतच्या भेटीला तेव्हाही सूट होती. 12,000 लिहिले आणि खोकं त्या रेषेच्या पलीकडं गेलं. लेकानं जकात भरली आणि मला सांगितलंच नाही. मला थोरलीकडून कळलं. विलायतेला ही रेषा 39 पौंडांची आहे, युरोपात 45 युरोंची. हे आकडे तुमच्या काउंटरच्या काचेखाली असायला हवेत. तिथं सध्या गणपतीचा फोटो आणि जुनी कॅलेंडरं आहेत. गणपती राहू द्या, कॅलेंडरं काढा.

आणि 'फूड आयटम' असं लिहिणं सोडा. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या खाण्याच्या मालाची सूचना तिकडच्या अन्न खात्याला आधी द्यावी लागते. पण एखाद्या माणसानं स्वतःच्या घरी केलेलं खाणं, त्यानंच दुसऱ्या माणसाला भेट म्हणून पाठवलं, तर ती सूचना लागत नाही. म्हणजे माझ्या हातचे बेसनलाडू एका नियमात येतात आणि हलवायाच्या दुकानातले दुसऱ्या नियमात. मग घरी केलेलं की विकतचं, हे विचारायला नको? अर्धी गल्ली आता बचत गटाकडून फराळ घेते आणि घरचा म्हणून पाठवते. (त्यात लाज कसली, माझेही गुडघे आता कढईपुढं बसू देत नाहीत.) पण कागदावर खरं ते लिहा. एकेक जिन्नस वेगळा लिहा, इंग्रजीत लिहा, त्यात काय काय घातलंय ते लिहा. कानवल्यात खसखस आहे हे 'स्वीट्स' या शब्दात कुणाला दिसणार?

शेजारच्या काकूंचा मुलगा मेलबर्नला. त्याला लहानपणापासून कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आवडतात. काकूंनी मुद्दाम माणूस पाठवून आणवले. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी, खव्याचं काहीही येऊ देत नाहीत. कारण तुम्हाला पटकन कळेल, तुमच्याही घरी जनावरं असतील: लाळ्या-खुरकूत. तो रोग आपल्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही, आणि दुधाच्या पदार्थांतून तो तिकडच्या गाईंना गाठेल अशी त्यांना भीती आहे. मला तर यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. ज्यानं खुरकुतीत बैल गमावलाय तो त्यांना नावं ठेवणार नाही. पण काकूंना हे कुणी सांगितलं नाही. पेढे नष्ट केल्याचं पत्र मुलाला आलं, आणि काकू आजही म्हणतात की तिकडच्या साहेबांनी बसून खाल्ले.

याच काकूंनी दसऱ्याला पाकिटात आपट्याची पानं घालून पाठवली होती. दुकानात 'डॉक्युमेंट' म्हणून घेतली. सोनं कागदपत्र म्हणून गेलं! पानं, बिया, फुलं यांवर ऑस्ट्रेलियात पेढ्यांपेक्षाही कडक नजर असते. पोचलं नाही, हे सांगायला नकोच.

फुलांचं मात्र मला तुमच्याशी जरा सावकाश बोलायचंय, कारण अलीकडं तुमच्या फलकांवर फराळाच्या जोडीला 'फुलंही पाठवा' आलंय, आणि त्या चित्रात झेंडूची तोरणं असतात.

इथली फुलं तिकडं जात नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही. खुडलेल्या फुलांना बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि आपल्या गावातून मुंबई, मुंबईतून पुढं, तोवर झेंडूचं निर्माल्य झालेलं असतं. तुम्ही पाठवता ती फक्त ऑर्डर. तिकडचा फुलवाला तिकडची फुलं तिकडच्या दारात देतो. यात वाईट काहीच नाही. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी 1910 मध्येच हा उद्योग सुरू केला होता: या गावच्या गिऱ्हाइकाचा निरोप तारेनं त्या गावच्या फुलवाल्याला द्यायचा आणि पैसे नंतर आपसांत वळते करायचे. फुलं कुठंच जात नव्हती, तार जात होती. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडं मनिऑर्डरही अशीच चालायची. तुम्ही दिलेली नोट थोडीच आजीच्या हातात पडायची?

पण मग चित्रात झेंडू का दाखवता? गेल्या दिवाळीत मी लेकाकडं पाठवायला झेंडू आणि शेवंती सांगितली, पैसेही त्याच्या हिशेबानं दिले, आणि त्याच्या दारात आली लांब दांड्याची गुलाबी जर्बेरा. लक्ष्मीपूजनाला! सुनेनं बिचारीनं ती फुलदाणीत लावली, आणि पूजेला मुलगा संध्याकाळी जाऊन झेंडू घेऊन आला. कुठून? मेक्सिकोच्या लोकांच्या दुकानातून.

हे ऐकून मी चकित झाले, मग शोधाशोध केली. झेंडू मुळात मेक्सिकोचाच. आपण दसऱ्याला दाराला बांधतो, ट्रॅक्टरला बांधतो, वाटतं महाभारतापासून आपल्याकडं आहे, पण तो समुद्रापलीकडून आलेला पाहुणा आहे. तिकडं 1 आणि 2 नोव्हेंबरला त्यांचा पितरांचा सण असतो, त्याला घरोघर झेंडू लागतो. आणि आपली दिवाळी साधारण त्याच सुमाराला. म्हणजे डॅलसमध्ये माझ्या लेकाला त्या दिवसांत झेंडू मिळतो तो मेक्सिकोच्या पितरांच्या कृपेनं. थोरलीला दुबईत तेवढीही वणवण नाही. 'बर दुबई' नावाच्या तिथल्या भागात जुन्या देवळाजवळच्या गल्लीत हार, फुलं, गजरे सगळं मिळतं.

आणि इकडं? ज्या वर्षी झेंडू उदंड येतो, त्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी भाव पडून शेतकरी फुलं रस्त्याच्या कडेला ओतून जातात. तुम्हीही पाहिलंय. ती फुलं डॅलसला जाऊ शकत नाहीत याचं मला वाईट वाटतं, पण त्याला तुमचा इलाज नाही. जर्बेराच्या जागी झेंडूचं चित्र लावण्याला मात्र आहे. सांगा सरळ, "काकू, फुलं तिकडचीच जातील, तिकडं जी मिळतात ती. झेंडू मिळंल याची खात्री नाही." मी तेवढे पैसे लेकाला पाठवीन आणि म्हणेन, मेक्सिकोवाल्याकडं जा.

तुम्हाला हे सगळं कटकटीचं वाटत असेल. दिवाळीच्या गर्दीत एकेका खोक्यामागं दहा मिनिटं कुठून आणायची? मान्य. दुकान तुमचं, भाडं तुमचं, वरच्या कंपनीचा तगादा तुमच्यामागं, आणि नियम बदलले की ते तुम्हालाही कुणी मराठीत सांगत नाही. मुंबईच्या ऑफिसातून इंग्रजी मेल येतो आणि तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मेलखाली जातो. यातलं थोडं काम आम्ही करायला तयार आहोत. आमच्या भिशीत तीन निवृत्त शिक्षिका आहेत. देशवार एक कागद करा: दुबईला काय चालत नाही, मेलबर्नला काय, अमेरिकेला किंमत कशी लिहायची. इंग्रजी असेल तर आमच्याकडं द्या, मराठीत करून देऊ, मोठ्या अक्षरात, चष्मा घरी राहिला तरी वाचता येईल असं. दर नवरात्रात नवा कागद, कारण नियम दरसाल बदलतात. तो बाहेरच्या भिंतीवर लावा, रांगेतल्या बायका उभ्या उभ्या वाचतील आणि खसखस घरी ठेवून येतील.

यंदाचा धोंड्याचा महिना 17 मे ते 15 जून असा गेला. जावयांना पुन्हा 33 अनारसे पाठवले. खसखशीच्या जागी तीळ लावले. दिसायला परके दिसत होते, चवीला बरे होते. दुकान बदललं. नव्या मुलानंही वजन केलं, पत्ता विचारला आणि टेप हातात घेतली. मीच म्हणाले, "थांब, आत काय काय आहे ते विचार मला." तो हसला, पण लिहिलं त्यानं. दीड पान झालं. सहाव्या दिवशी पोचलं, एक अनारसा सोडला तर सगळे सबंध.

दिवाळीच्या खोक्यासाठी मी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येईन, दुकान उघडायच्या वेळी, गर्दी नसते तेव्हा. जिन्नसांची यादी घरूनच लिहून आणीन. खोकं उघडं असेल. टेप तेवढी हाताशी ठेवा.

कळावे,

एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड